जुन्या जपानी बरण्या: रंग झिलईखाली आहे की झिलईवर?

कोबाल्ट

निळा, लाल आणि सोनेरी रंग असलेल्या जुन्या जपानी बरण्यांबद्दल या मंचाच्या वेगवेगळ्या धाग्यांवर तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. म्हणून जे पक्कं ठाऊक आहे ते एका जागी आणू. जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे दुरुस्त करावं.

बरणी हाती आली की बहुतेकांचा हात आधी बुडाकडे जातो, शिक्का शोधायला. तो शेवटी बघा. आधी एवढंच ठरवा की कोणता रंग झिलईच्या, म्हणजे बरणीवरच्या काचेसारख्या थराच्या, खाली आहे आणि कोणता वर. बरणी कधीची, कुठल्या भट्टीतली, तिचं काय बिघडलंय आणि ती पुसायची कशी, या सगळ्याची उत्तरं तिथूनच निघतात.

त्यासाठी टेबलावर जाड टॉवेल पसरून बरणी ठेवा. खोलीतला दिवा बंद करा आणि टॉर्च बाजूने, पोटाला जवळजवळ चिकटून धरा. झिलईखालचा निळा डोहाच्या तळाशी दिसणाऱ्या खड्यासारखा आत असतो. त्यावरून उजेड सरळ घसरत जातो, मध्ये कुठे अडत नाही. लाल, हिरवा, सोनेरी यांच्या कडांशी मात्र उजेड अडतो आणि बारीकशी सावली पडते. धुतलेल्या कोरड्या बोटाने हलकेच चाचपलं तर हिरव्याचा उंचवटा लागतो, लालचा फार कमी. सोन्यावर बोट फिरवू नका.

आता थोडी पार्श्वभूमी. या बरण्यांचं गाव आरिता, जपानच्या क्युशू बेटावरच्या जुन्या हिझेन प्रांतातलं, आजच्या सागा प्रांतातलं. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या 1592 ते 1598 मधल्या कोरियावरच्या स्वाऱ्यांनंतर तिकडचे कुंभार इथे आणले गेले. त्यांतल्या री साम्पेई याला इझुमियामाच्या डोंगरात पोर्सेलीनचा, म्हणजे पांढऱ्या, काचेसारख्या घट्ट भांड्यांचा, दगड सापडला असं परंपरा सांगते आणि साल देते 1616. चीनमध्ये केओलिन ही पांढरी माती आणि दगड अशी दोन द्रव्यं मिसळून माती करत. इझुमियामाचा दगड कुटून, धुवून, निवळून घेतला की त्याचीच माती होत असे. माल भाजायचा आरितात आणि जहाजावर चढायचा इमारी बंदरात, म्हणून जगभर नाव झालं ते इमारी.

झिलईवरचे रंग आले 1640 च्या दशकात. नेमक्या त्याच काळात, 1644 ला, चीनमध्ये मिंग राजवट कोसळली आणि जिंगडेझेनच्या भट्ट्यांचा माल आटला. नागासाकीच्या देजिमा बेटावर बसलेल्या डच कंपनीला दुसरा पुरवठादार हवाच होता. 1659 मध्ये तिने आरिताकडे पन्नास हजारांहून जास्त नगांची मागणी एकदम नोंदवली. यातला सगळा माल युरोपला गेला असं समजू नका. कंपनीच्या जहाजांतून जपानी पोर्सेलीन येमेनचं मोखा बंदर, इराण आणि आपल्या सुरतेच्या वखारीपर्यंतही येत होतं.

भट्टीपाशी

धागा काढलात ते बरं झालं. भाजणीचा भाग मी घेतो, कारण थरांचा क्रम भट्टीच ठरवते.

मोठी बरणी चाकावर एका दमात निघत नाही. खालचा अर्धा आणि वरचा अर्धा वेगळे काढतात, माती कातड्याइतकी घट्ट झाली की पातळ चिखलाने सांधतात आणि बाहेरून तासून सांधा बुजवतात. आतून तासता येत नाही, म्हणून तिथे तो तसाच राहतो. नंतर बिस्किट भाजणी, म्हणजे झिलईआधीची पहिली भाजणी, साधारण 900 अंशांना. आरितातल्या अगदी सुरुवातीच्या नगांना ही भाजणी नसे, कच्च्यावरच झिलई चढे.

बिस्किटावर निळा काढतात. त्याला जपानीत गोसू म्हणतात, कोबाल्टचं खनिज, तेव्हा चीनहून येई. ते चहाच्या काढ्यात घोटतात, कारण चहातल्या टॅनिनमुळे रंग पाण्यात नीट तरंगतो आणि कुंचल्यातून सलग उतरतो. बिस्किट पाणी ओढून घेतं, त्यामुळे रेघ एकदा टेकली की टेकली, पुसता येत नाही. जुन्या बरण्यांवरच्या निळ्या रेघेला जो वेग दिसतो तो यामुळे. मग झिलई. ती दगडाची पूड आणि इसू नावाच्या झाडाची राख मिळून होते. आणि मग मोठी भाजणी, 1300 अंशांच्या आसपास, धुराच्या म्हणजे प्राणवायू कमी असलेल्या आचेवर. झिलईतल्या लोहामुळे इथे तिला किंचित निळसर झाक येते. या सगळ्यात बरणी 13 ते 15 टक्के आटते.

इथपर्यंत बरणी पांढरी-निळी असते. बाकीचे रंग 1300 अंशांना टिकत नाहीत, म्हणून ते या पक्क्या झिलईवर काढून 800 अंशांच्या आत-बाहेर पुन्हा भाजतात. ही भट्टी छोटी, बंद डब्याची, ज्वाळा आत शिरू न देणारी. आत धूर गेला तर रंगातलं शिसं काळवंडतं. सोनं सगळ्यात शेवटी, आणखी कमी आचेवर. म्हणजे नियम साधा आहे: ज्याला जास्त आच लागते तो आधी. क्रम उलटा करता येत नाही.

झिलईवरचा हा रंग, म्हणजे इनॅमल, ही शिसं आणि गारेची मऊ काच, तिच्यात धातूंचे भस्म. तांब्याने हिरवा, लोहाने पिवळा, मँगनीजने जांभळा. हे रंग पारदर्शक, म्हणून त्यांच्याखाली काळी रेघ आधी ओढतात आणि वरून रंग भरतात. लाल वेगळा. त्यात काच अगदी थोडी आणि लोहभस्म फार, अतिशय बारीक वाटलेलं. तो पातळ बसतो, अपारदर्शक असतो आणि झिजतोही लवकर.

बिघडतं ते असं. आच कमी पडली तर हिरवा निस्तेज राहतो आणि नखाने खरवडला जातो. जास्त झाली तर लाल करपून तपकिरी होतो किंवा झिलईत विरून फिका पडतो. रंगवताना तेलकट बोट लागलं तर तिथे रंग मागे सरून उघडी जागा राहते. रंग ओला असताना भट्टी चढवली तर फोड येतात. हिरवा किंवा झिलईवरचा निळा फार जाड घातला तर थंड होताना तो आणि खालची झिलई वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. मग आधी जाळी पडते आणि पुढे पापुद्रा सुटतो. जुन्या बरणीवर पानाची काळी रेघ आहे पण पान रिकामं आहे असं दिसलं तर ते अर्धवट सोडलेलं काम नसतं, हिरवा गळून गेलेला असतो.

टोकियोकर

भट्टीपाशी यांनी छान मांडलंय. इकडे कॅटलॉगमध्ये आणि दुकानांत जे शब्द सर्रास दिसतात ते देतो, शोधताना उपयोगी पडतील. फक्त झिलईखालचा निळा असेल तर सोमेत्सुके. झिलईवरचे रंग म्हणजे इरो-ए. निळा खाली आणि बाकीचे वर असं दोन्ही असेल तर सोमेनिशिकी. त्यात सोन्याचं काम भरगच्च असेल तर किन्रांदे, म्हणजे जरीच्या कापडासारखं. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून युरोपला ज्या मोठ्या बरण्या गेल्या त्या बहुतांश या शेवटच्या प्रकारच्या. झाकणाच्या उंच, रुंद खांद्यांच्या बरणीला जिंकोत्सुबो म्हणतात. जिंको म्हणजे अगरू, त्सुबो म्हणजे बरणी.

आणि लाल रंगाबद्दल एक, आपल्याला जवळचं. लोहाच्या लालला जपानीत बेंगारा म्हणतात. शब्द आलाय बंगालवरून, कारण आधी तो तिकडून येत असे. नंतर ओकायामाकडच्या फुकिया गावी तांब्याच्या खाणींतून मिळणारं हिराकस भाजून, धुवून हा लाल करू लागले आणि तो आरिता आणि कुतानी (रंगीत पोर्सेलीनचं दुसरं जपानी ठिकाण) इथल्या कारागिरांना पुरवला जाई. हिराकस भाजलं की गंधक उडून जातं आणि लाल पूड उरते. ती पुन्हा पुन्हा धुवून आम्ल काढलं नाही तर रंगात काळपट झाक येते.

चाफेकळी

माझ्या प्रश्नाला हीच जागा योग्य वाटते. माझ्याकडची बरणी 46 सेंटिमीटर उंच, झाकणासकट. झाकणाची मूठ सिंहाची. पोटावर तीन मोठ्या चौकटी, त्यांत फुलदाणी आणि शेवंतीची फुलं, चौकटींच्या मधली जमीन गडद निळी आणि तिच्यावर सोनेरी वेलबुट्टी. आत हात घातला तर पोटाच्या मध्यावर गोल फिरणारी एक उंचवट्याची रेघ लागते. ही चीर असेल का? बुडाशी काहीही लिहिलेलं नाही. कडेला वाळूचे कण चिकटलेत, ते काढून टाकावेत का?

भट्टीपाशी

चाफेकळीताई, ती चीर नाही, वर सांगितलेला सांधाच आहे. चीर कधीही इतकी नेमकी गोल आणि सपाट पातळीत फिरत नाही, आणि तिला उंचवटा नसतो. या मापाच्या बरणीत आत अशी रेघ मिळालीच नाही तर उलट मला शंका येईल, कारण साच्यात ओतलेल्या नव्या नकलेत ती नसते.

तरी खातरी करून घ्या. झाकण काढून बाजूला ठेवा, खोली अंधारी करा आणि छोटा एलईडी टॉर्च दोरीने आत सोडा. जाड बुंध्यातून उजेड फारसा येणार नाही, पण मानेपाशी आणि खांद्यावर येईल आणि तिथे केसाइतकी चीर असेल तर काळी रेघ दिसेल. मग बोटाच्या पेराने कडेवर हलकी टिचकी मारा. अखंड बरणी घंटेसारखी नादते आणि नाद थोडा रेंगाळतो. चीर असेल तर आवाज बद्द येतो, फुटक्या माठासारखा.

वाळूचे कण राहू द्या. भट्टीत बरणी वाळूवर उभी असे, कण वितळत्या कडेला चिकटून आले. ते आरिताच्या जुन्या बुडाचं लक्षण आहे. टेबलाला ओरखडे पडत असतील तर खाली कापड घाला.

खापरी

वर्णनावरून किन्रांदे इमारीच आहे. चौकट आणि मधली जमीन या रचनेत एक गोष्ट जरूर तपासा. आरितात निळा रंगवतानाच पुढे लाल आणि सोनं कुठे येणार हे ठरलेलं असे. म्हणून निळ्याच्या मध्ये त्यांच्यासाठी पांढरी जागा राखलेली असते. शेवंतीचं लाल फूल बघा. त्याच्याभोवतीचा निळा फुलापाशी येऊन थांबतो का? थांबत असेल तर दोन्ही रंग एकाच योजनेतले. लाल किंवा हिरवा जर राखलेली जागा न जुमानता थेट निळ्या चित्रावरून गेला असेल, तर ते रंग नंतर, बहुधा दुसऱ्याच देशात चढवलेले असतात. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हॉलंडमध्ये पूर्वेकडून आलेल्या पांढऱ्या आणि पांढऱ्या-निळ्या मालावर असे रंग चढवून तो विकत. बरणी जुनीच असते, पण रंगकाम जपानी नसतं, आणि लिलावात या दोन्हींना वेगळं मोल मिळतं.

दुसरा घोळ चिनी इमारीचा. 1680 च्या दशकात जिंगडेझेन पुन्हा उभं राहिलं आणि जपानी मालाची नक्कल करून स्वस्तात विकू लागलं. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत आरिताची डच निर्यात जवळपास संपली त्याचं मोठं कारण हेच. चिनी बरणीचं अंग पातळ, पांढरं, घट्ट. बुडाची कडा नेटकी तासलेली आणि तिथे बऱ्याचदा फिकट तांबूस रेघ. जपानी बरणीचं अंग जाडसर, माती करडी, झिलई निळसर आणि जवळून पाहिली तर बारीक मलमलीसारखा पोत असलेली. जपानी निळा शाईसारखा गडद आणि कधी काळपट, चिनी निळा मोकळा आणि किंचित जांभळ्याकडे झुकणारा. जपानी लाल दाट, चिनी लाल पातळ आणि पोवळ्याच्या जवळचा. एका खुणेवर निकाल देऊ नका. तीन-चार जुळल्या पाहिजेत.

कोबाल्ट

खापरी यांच्या राखलेल्या जागेच्या मुद्द्याला दुजोरा. माझ्या मते या एका खुणेकडे जितकं लक्ष द्यावं तितकं कुणी देत नाही.

निळा झिलईखाली आहे की वर यावरून आरितातलीच काकिएमोन शैलीही ओळखता येते, म्हणून तिच्याबद्दल थोडं सविस्तर. साकाइदा घराण्याचा पहिला काकिएमोन याने इमारीचा व्यापारी तोशिमा तोकुएमोन याच्यामार्फत नागासाकीतल्या एका चिन्याकडून झिलईवरच्या रंगांची कृती मिळवली, असं घराण्याची कागदपत्रं सांगतात. त्या कारखान्याच्या उत्तम कामाची माती म्हणजे निगोशिदे. सागाच्या बोलीत निगोशी म्हणजे तांदळाचं धुवण. नाव अगदी बरोबर आहे: तिचा पांढरा निळसर नसतो, दुधाळ, उबदार असतो, तांदूळ पहिल्यांदा धुतल्यावर पातेल्यात उरणाऱ्या पाण्यासारखा. ही माती भट्टीत फार आटते आणि सहज वाकते, त्यामुळे वाया जाणारे नग खूप. अठराव्या शतकात ती कृती मागे पडली. 1953 मध्ये बाराव्या आणि तेराव्या काकिएमोननी ती पुन्हा उभी केली.

निगोशिदेवर झिलईखालचा निळा नसतो. चित्रात निळा लागला तर तो इनॅमलचा, झिलईच्या वर, बोटाला जाड लागणारा, आकाशी-निळा. म्हणजे टॉर्च तिरका धरून पाहिल्यावर निळा वर आला आणि पांढरा दुधाळ निघाला तर काकिएमोनचा विचार करायला हरकत नाही. सोबत निळसर हिरवा, पिवळा आणि पिकल्या काकी फळासारखा नारिंगी-लाल. चित्र कमी आणि मोकळी जागा भरपूर: एका बाजूला झुकलेली फांदी, खाली लावे आणि राळ्याची कणसं, किंवा वाघ आणि बांबू. इमारीत कोपरान् कोपरा भरलेला, इथे पांढऱ्यालाच चित्रात मान. षटकोनी, घुमटी झाकणाच्या बरण्या या शैलीत फार सुंदर आहेत. इंग्लंडच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात राणी दुसऱ्या मेरीच्या संग्रहात अशा बरण्या असल्याने तो आकारच त्या राजवाड्याच्या नावाने ओळखला जातो.

याचीही नक्कल झाली. जर्मनीत माइसेनचा कारखाना 1710 ला सुरू झाला आणि सॅक्सनीचा शासक ऑगस्टस याच्या ड्रेस्डेनच्या जपानी संग्रहावरून तिथे हुबेहूब नग काढले गेले. त्या राजसंग्रहातल्या नगांच्या बुडाशी चाकाने कोरून शाई भरलेला नोंदणी आकडा असतो. तो कुंभाराचा शिक्का नव्हे, मालकाची नोंद आहे.

जतन

चाफेकळी, झाकणाबद्दल कुणी बोललं नाही. सिंह असलेली झाकणं आधी फुटतात, म्हणून एका बरणीवर दुसरीचं झाकण चढवलेलं बऱ्याचदा आढळतं. झाकणाच्या आतल्या ओठाची झिलई आणि बरणीच्या कडेची झिलई शेजारी ठेवून पाहा. पांढऱ्याची छटा, निळ्याचा गडदपणा आणि सोन्याची झीज तिन्ही जुळायला हवीत. झाकण हातात घेताना सिंहाला धरू नका. दोन्ही तळव्यांनी कडेला धरा. बरणी उचलायची तर एक हात बुडाखाली, दुसरा पोटाला. कडेला धरून कधीच नाही.

चाफेकळी

झाकण जुळतंय, पण सिंहाच्या शेपटीपाशी रंग थोडा मेणचट वाटतो आणि इतरत्र झिलईत दिसणारे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे तिथे नाहीत.

जतन

मग शेपूट दुरुस्त केलेली आहे असं धरून चाला. खरी झिलई थंड लागते, वर चढवलेला रंग किंचित उबदार आणि चिकट. अतिनील टॉर्च, 365 नॅनोमीटरचा मिळतो तो, अंधारात मारून पाहा. पोर्सेलीन एक रंग दाखवेल आणि दुरुस्तीचा भाग वेगळा, बहुधा दुधी किंवा पिवळट चमकेल. काही नवे दुरुस्ती-रंग अजिबात चमकत नाहीत, त्यामुळे चमक नाही म्हणजे दुरुस्ती नाही असा अर्थ काढू नये. सुई किंवा टाचणीने खरवडून बघायचा जुना प्रकार करू नका, सोनं आणि लाल दोन्हींवर ओरखडा पडतो.

दुरुस्ती असेल तर ती बरणी पाण्यात बुडवायची नाही. जुनी जोडणी लाख किंवा सरसाची असू शकते आणि पाण्यात ती सुटते. शेपूट सुटलीच तर झटपट चिकटवणाऱ्या गोंदाने लावू नका. तो सांध्याच्या छिद्रांत मुरतो आणि नंतर काढताना कडेचे कण घेऊन येतो. जतन करणारे लोक पॅरालॉइड बी-72 नावाचा चिकटद्रव वापरतात, कारण तो ॲसिटोनने पुन्हा सोडवता येतो.

आता साफसफाई, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. पितळेची भांडी घासायची पावडर, चिंच, लिंबू, व्हिनेगर यांतलं काहीही नाही. झिलईखालच्या निळ्याला काही होणार नाही, पण वरचे हिरवे-पिवळे रंग शिशाच्या मऊ काचेचे आहेत. आम्लाने त्यांची चमक जाते आणि ते पांढुरके पडतात. ती चमक परत येत नाही. घासणीने सोनं जातं. ब्लीचही नको.

करायचं ते असं. आधी कोरड्या, मऊ, बकरीच्या केसांच्या कुंचल्याने धूळ झाडा, चिरांपासून आणि दुरुस्तीपासून उलट्या दिशेला. मग अर्धा लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य, सुगंध नसलेल्या साबणद्रवाचे दोन-तीन थेंब. कापसाचा बोळा त्यात बुडवून पिळून घ्या आणि घासण्याऐवजी लोळवा. एका वेळी तळहाताएवढा भाग, मग साध्या पाण्याचा बोळा, मग कोरडा. बोळ्यावर लाल किंवा सोनेरी आलं की तिथेच थांबा. सोन्याच्या वेलबुट्टीवर फक्त कोरडा कुंचला.

निळीशाई

माझ्या दोन शंका. एक, बुडाशी चिनी अक्षरांत मिंग बादशहाचं नाव असलं तर ती बरणी चिनी ठरते का? दोन, सात्सुमाच्या बरण्या याच धाग्यात येतात का?

खापरी

पहिलीचं उत्तर, नाही. जपानी कारागीर मिंग काळातल्या चेंगह्वासारख्या बादशहांची नावं मान म्हणून, शोभा म्हणून सर्रास लिहीत. फुकू म्हणजे सौभाग्य हे अक्षरही तसंच. आणि चाफेकळींच्या बरणीसारख्या निर्यातीच्या मोठ्या बरण्यांवर बहुधा काहीच नसतं. म्हणून सुरुवातीला कोबाल्ट म्हणाले ते योग्यच, शिक्का शेवटी.

मात्र इंग्रजी अक्षरं असतील तर त्यांचा उपयोग होतो. अमेरिकेच्या 1890 च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव लिहिणं सक्तीचं केलं. त्यानंतर ‘निप्पॉन’ लिहिलं जाऊ लागलं आणि 1921 पासून त्याजागी ‘जपान’. म्हणजे असा शब्द असलेली बरणी सतराव्या शतकाची असूच शकत नाही.

त्याहून जास्त भरवशाचा निळाच. 1870 मध्ये गॉटफ्रीड वागेनर हा जर्मन रसायनतज्ज्ञ आरिताला आला आणि त्याने शुद्ध कोबाल्ट ऑक्साइड वापरायला शिकवलं. गोसूत लोह, मँगनीज मिसळलेलं असे, म्हणून जुना निळा एका फटक्यातही कमीजास्त गडद दिसतो. शुद्ध कोबाल्टचा निळा प्रखर, सपाट आणि सगळीकडे सारखा. मेइजी काळात, म्हणजे 1868 ते 1912 मध्ये, इमारीच्या जुन्या नक्ष्या पुन्हा मोठ्या प्रमाणावर निघाल्या. त्यांत हा प्रखर निळा आणि युरोपीय पद्धतीचं आरशासारखं चकचकणारं द्रव सोनं दिसतं. जुनं सोनं पूड करून लावलेलं, मंद आणि उबदार, झिजलेल्या जागी खालची झिलई दाखवणारं. मेइजीचा माल कमअस्सल असं मात्र समजू नका. 1873 च्या व्हिएन्ना प्रदर्शनानंतर आरिताच्या कोरांशासारख्या कारखान्यांनी फार उंचीचं काम केलं.

10 पट मोठं दाखवणारं भिंग जवळ ठेवा. कुंचल्याच्या रेघेला सुरुवात आणि शेवट असतो, कुठे रंग साचलेला असतो. छापील नक्षीत एकसारखे ठिपके दिसतात आणि दोन तुकड्यांचा जोड कुठेतरी चुकलेला सापडतो. तसं दिसलं तर पुढे बघायची गरज नाही.

टोकियोकर

सात्सुमाचं मी सांगतो. ते पोर्सेलीन नव्हेच. दक्षिण क्युशूची साईच्या रंगाची, कमी आचेवर भाजलेली माती, झिलईला मुद्दाम आणलेली बारीक जाळी आणि तिच्यावर इनॅमल-सोनं. बुडाची उघडी कडा ओल्या बोटाने पुसा. पाणी झटकन शोषलं गेलं तर ती माती, नुसतं वर राहिलं तर पोर्सेलीन. म्हणून सात्सुमा कधीही ओल्या बोळ्याने पुसू नये, पाणी जाळीतून आत जाऊन डाग पसरतात.

कुतानी मात्र या धाग्यात यायला हवं. कागा प्रांतात, आजच्या इशिकावात, 1655 च्या सुमारास तिथली भट्टी सुरू झाली आणि काही दशकांत बंद पडली. हिरवा, पिवळा, जांभळा, गडद निळा आणि लाल असे पाच रंग, जाड भरलेले, सगळा पृष्ठभाग व्यापणारे. पण जुनं कुतानी म्हणून मानल्या गेलेल्या कितीतरी नगांसारखे तुकडे आरिताच्या उत्खननांत निघाले, त्यामुळे आता त्यांतले बरेचसे 1640-50 च्या दशकांतले आरिताचेच धरले जातात. खरं कागाचं कुतानी पुन्हा बहरलं ते एकोणिसाव्या शतकात. 1824 मध्ये सुरू झालेल्या योशिदाया भट्टीत तर लाल वगळून बाकी चार रंगांत काम होई. आपल्याकडे दिसणाऱ्या लाल-सोनेरी, बारीक चेहऱ्यांनी भरलेल्या कुतानी बरण्या बहुतेक मेइजी काळातल्या निर्यातीच्या.

निळीशाई

धन्यवाद. प्रत्यक्ष बघायला जवळ कुठे मिळेल?

कोबाल्ट

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेल्या चिनी आणि जपानी वस्तूंचं दालन आहे. चिनी आणि जपानी काम एकाच फेरीत पाहायला मिळतं, खापरी यांनी दिलेल्या खुणा तिथे डोळ्यांत बसवून घ्या. बडोद्याच्या संग्रहालयात सयाजीरावांच्या काळात जमवलेला जपानी विभाग आहे. हैदराबादच्या सालारजंगमध्येही जपानी पोर्सेलीन भरपूर आहे. काचेबाहेरून टॉर्च मारता येत नाही, तेव्हा बाजूला सरकून तिरकं पाहा. दालनातल्या दिव्याचं प्रतिबिंब बरणीच्या पोटावरून सरकवत नेलं की वरचे रंग आपोआप उठून दिसतात.

चाफेकळी

शेवटचं एक. घरातल्या मोठ्यांचा आग्रह आहे की एवढी मोठी बरणी रिकामी का ठेवायची, लोणचं घालू. आणि ती बेळगावहून पुण्याला हलवायची आहे.

जतन

लोणचं नको. नेहमीची लोणच्याची चिनी मातीची बरणी जाड, खारट-आंबट सोसणाऱ्या झिलईची असते. इथे मीठ, आंबटपणा आणि तेल कडेवरून ओघळून बाहेरच्या शिशाच्या रंगांवर येणार, रंग मरणार आणि शिसं हाताला, डावाला लागणार. आत एखादी बारीक चीर असेल तर तेल तिच्यात शिरून पिवळी रेघ कायमची उमटते. मोठ्यांना बरणीत काही ठेवायचंच असेल तर वाळू सुचवा: धुवून वाळवलेली वाळू सुती पिशवीत भरून, बरणीच्या पाव उंचीपर्यंत. बूड जड होतं आणि धक्का लागला तरी ती लवंडत नाही.

हलवताना वाळूची पिशवी आधी काढा. झाकण आणि बरणी वेगळ्या खोक्यांत. वर्तमानपत्र थेट लावू नका, शाई उतरते. धुवून धुवून मऊ झालेल्या जुन्या सुती साडीत आधी गुंडाळा, मग बुडबुड्यांचं प्लास्टिक, बुडबुडे बाहेरच्या बाजूला. चिकटपट्टी फक्त प्लास्टिकवर. ती रंगाला लागली तर सोनं तिच्यासोबत निघून येतं. सिंहाभोवती कापडाची चुंबळ करून ठेवा, म्हणजे वजन शेपटीवर न येता झाकणाच्या कडेवर येईल. खोक्यात चारही बाजूंना आणि खाली किमान 5 सेंटिमीटर भरण हवं. खोकं गाडीत उभंच ठेवा, आडवं नाही.

खापरी

आणि पुढेमागे परदेशी न्यायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, 1972 च्या पुरावस्तू कायद्याने 100 वर्षांहून जुनी कलावस्तू खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. बरणी मेइजीनंतरची वाटत असली तरी पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी घ्या. तो देताना ते वस्तू प्रत्यक्ष पाहतात, तेव्हा बुडाचे, मानेचे आणि आतल्या सांध्याचे फोटो सोबत न्या.

चाफेकळी

परदेशाचा विचार नाही, पण फोटो काढून ठेवते. काल टॉर्च तिरका धरून पाहिलं. शेवंतीपाशी निळा थांबतोय, आणि फुलाच्या आकाराची पांढरी जागा लालच्या कडेने केसभर उघडी राहिलीय.